कालचं पातळ

उत्तरा बी.ए.च्या पहिल्या पेपराला गेली आणि अंगावर पिणाऱ्या तिच्या चिंगीने सीताबर्डीतला तो मोहल्ला डोक्यावर घेतला. जाताना उत्तरा बजावून गेली होती, "चिंगी उपाशी राहिली तर उद्यापासून पेपर बंद!" लग्नामुळे अर्धवट राहिलेली तिची बी.ए. आता नवऱ्याच्या, म्हणजे चंद्रभानच्या, हातातल्या बाटलीवर टांगलेली होती. बायकोच्या परीक्षेसाठी हेडक्लार्क महादेवराव रजा देईनात, म्हणून त्याने तापाची थाप मारली होती.

डब्याचं दूध त्याने अगदी शास्त्रशुद्ध कालवलं. चिंगीने बाटलीचं निपल जिभेने बाहेर ढकललं.

"मी म्हनतच होती," कन्हानहून नातीसाठी आलेल्या त्याच्या आई, तुळसाबाई, म्हणाल्या. "आमच्याकडं बाटली-गिटली कोनी पाजत नाही. बोंडलं आन इकडं."

आईचं ते चोचीचं बोंडलं म्हणजे जंतूंचं माहेरघर, असं चंद्रभान येता-जाता म्हणे. आज तो मुकाट्याने बाजूला सरला. चिंगीने बोंडल्यातलं दूध आजीच्या लुगड्यावर फुर्रकन उडवलं. मायलेक सारखेच हरले. चंद्रभानला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

"तिले मायचा वास पाह्यजे गा. उत्तराचं कालचं पातळ गुंडाळ."

"मी?"

"मंग काय तुया हेडक्लार्क गुंडाळन?"

चंद्रभानने पातळ गुंडाळलं आणि मिशा झाकायला डोक्यावरून पदर घेतला. चिंगीने पदर हुंगला आणि बाटलीला अशी लागली, की त्याचा ऊर भरून आला.

नेमके तेव्हाच संत्र्यांची पिशवी घेऊन महादेवराव दारात उभे! आजाऱ्याला पाहायला आले होते. उठावं तर चिंगी बाटली सोडणार. चंद्रभानने पदर आणखी पुढे ओढला.

"चंद्रभानजी, हे तुम्ही काय करून राहिले?"

"पोरीले पाजून राहिलो, साहेब."

महादेवरावांनी घाबरून तुळसाबाईंकडे पाहिलं. तुळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "सकाळपासून असाच करून राहिला जी. ताप डोक्शात गेला वाटते."

"आठवडाभर हापिसात येऊच नका!" एवढं म्हणून, संत्री तिथेच टाकून, महादेवराव जोडे हातात घेऊन जिना उतरले.

उत्तरा परतली तेव्हा चिंगी गाढ झोपली होती आणि नवरा संत्री सोलत होता. लेकीचं टम्म पोट पाहून तिला हायसं वाटलं. आता सगळे पेपर देता येणार होते. मग खुंटीवरच्या पातळाकडे लक्ष गेलं. "अगं बाई, किती चुरगळलंय हे! भिजत घालते."

"नको!" मायलेक एकदम ओरडले.

"त्याले पानी लावू नको वं," तुळसाबाई म्हणाल्या. "तुयी परीक्षा होईपर्यंत ते पातळ त्याचं हाये."