रुपरावांची मागची मोटर

रुपरावांनी रात्री गाडी चार्जिंगला लावली नाही. एवढंच झालं, बाकी सगळं रामायण त्यातून निघालं.

आता तुम्हीच सांगा, पोराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, काटोलला, साडेअकराचा मुहूर्त, अंगठी न्यायची यांनी, आणि गाडीत बॅटरी किती? बावीस टक्के! पण रुपरावांना (निवृत्त हेडक्लार्क, म्हणजे कुणाचं ऐकायची सवय नाही) काळजीच नव्हती. शोरूममधल्या माणसानं नवी इलेक्ट्रिक गाडी नीट समजावून दिली होती. ते त्यांनी अर्धंच ऐकलं. पुढच्या अर्ध्यात पेढे आले.

नागपूरजवळच्या बेसाहून निघाले आणि शेजारी बसलेल्या बायकोची, प्रयागबाईंची, शिकवणी रुपरावांनी सुरू केली. “हे पाह्य वं, गाडीले दोन मोटरा. पुढची ओढते, मागची भरते. ब्रेक मारला का चाक मोटरले फिरवते, सायकलच्या डायनामोसारखं, अन् वीज परत बॅटरीत. जितके ब्रेक, तितकं चार्जिंग!”

“बाबा, तसं नाही ना,” मागून नवरदेव दुर्गेश म्हणाला. “दोन्ही मोटरा ओढते, म्हणून चारही चाकाले जोर भेटते. वेग कमी केला का दोन्ही वीज बनवते. पण जितकी गेली तितकी नाही येत परत.”

“म्हणजे सांडलेलं दूध ओंजळीनं भरल्यासारखं,” प्रयागबाई म्हणाल्या. “त्यानं का दुधाचा गंज भरते?”

“गाडी कोण चालवून राहिलं? मी ना? मंग चूप बसा दोघंही.”

झालं! रुपराव गाडी दणकून पळवायचे आणि करकचून ब्रेक मारायचे. पुन्हा पळवायचे, पुन्हा ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर, समोर कुत्रंसुद्धा नसताना! मागचा ट्रकवाला शिव्या देऊन थकला आणि शेवटी हात जोडून पुढे निघून गेला. कळमेश्वरला चार्जर दिसला, तर रुपराव त्याच्याकडे बघून चक्क हसले. नवरदेव शेरवानीवर पिशवी धरून बसला होता. (पिशवी रिकामी नव्हती.)

काटोल सहा किलोमीटर राहिलं आणि गाडीच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं कासवाचं चित्र उमटलं. थोड्याच वेळात गाडी संत्र्याच्या एका बागेशेजारी उभी राहिली, ती राहिलीच. घड्याळात दहा पन्नास.

“आता सोयऱ्याले काय तोंड दाखवू वं माय!” प्रयागबाईंनी डोक्याला हात लावला, आणि त्यांना खरंच रडू आलं.

शेवटी व्याह्यांनाच फोन करावा लागला. धोंडबा भरजरी फेटा बांधून स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधला. असं ओढू नये, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, पण पुस्तक अजून प्लास्टिकमध्येच होतं.

ट्रॅक्टर निघाला आणि रुपराव ओरडले, “भरून राहिली! दोन टक्के! तीन! म्हणत होतो ना मी?”

भरत होती, खोटं कशाला बोला. ट्रॅक्टर चाकं फिरवत होता, चाकं मोटरांना, आणि वीज बॅटरीत जात होती.

सव्वाअकराला मांडव आला. प्रयागबाई अंगठी घेऊन उतरल्या, दुर्गेश उतरला. रुपराव मात्र उतरेनात. नवरदेवाच्या बापानं दोराला बांधून यायचं? छे!

“व्याही, फक्त एक चक्कर. दहा टक्के होऊ द्या, मंग मी आपल्या गाडीनं ऐटीत येतो.”

वरपक्षाला नाही कोण म्हणणार? धोंडबांनी ट्रॅक्टर भाऊ अंकुशच्या हवाली केला आणि ते मांडवात गेले.

एकाच्या तीन चकरा झाल्या. बाजारपेठेतले लोक दुकानाबाहेर येऊन बघत होते. अकरा टक्के झाल्यावर रुपरावांनी दोर सोडला आणि हॉर्न वाजवत, स्वतःच्या बळावर मांडवापुढे गाडी आणली.

बघतात तर पंगत बसलेली. अंगठी घालून झाली होती, फोटोही निघाले होते. फोटोत जागा रिकामी दिसू नये म्हणून प्रयागबाईंशेजारी आचाऱ्याला उभं केलं होतं.

रुपरावांचं तोंड एवढंसं झालं. पोराच्या साक्षगंधाला बापच नव्हता! मान खाली घालून ते जेवू लागले. पण मठ्ठा पोटात गेला आणि त्यांना पुन्हा धीर आला.

“व्याही, लग्नाची वरात याच गाडीतून आणतो बरं का. डिझेलचा थेंब लागत नाही हिले.”

धोंडबांनी त्यांच्या पानात आग्रहानं आणखी एक जिलबी वाढली.

“आणा ना, खुशाल आणा. गाडी तुमची, डिझेल आमच्याकडून.”