कादंबरीला एजंट हवा

शेणवे गावच्या रूपेशने आपली पहिली कादंबरी ठाण्याच्या पल्लवी मॅडमना संपादनाला दिली. वाचून त्यांचा फोन आला. "भाषा छान आहे. पण यातला काका फार गोड आहे हो. ज्याचा राग यावा असं कुणीतरी हवं."

पुस्तक छापून यायच्या घाईत रूपेशने त्या काकाला भावाची जमीन गिळणारा करून टाकलं. मॅडम खूश झाल्या. "आता चांगला एजंट बघा. प्रकाशकाशी तोच बोलेल."

एजंट कुठे मिळतो, ते रूपेशला ठाऊक नव्हतं. शहापूरच्या बाजारात त्याने दोघातिघांना विचारलं. दुसऱ्याच दिवशी जीवन नावाचा माणूस दोन साथीदार घेऊन पांढऱ्या गाडीतून दारात उतरला.

"तुमालाच एजंट पायजे ना? किती हाय?"

"तीनशे पानं," रूपेश हरखून म्हणाला.

"पानं कसली? सातबारा कोनाच्या नावावर हाय?"

रूपेश समजावून सांगेपर्यंत साथीदारांनी घरामागच्या शेतात टेप धरली होती. शेत सामाईक. बांधावर रूपेशचे सख्खे काका, चंदरकाका, उभे होते. ते तरातरा आले.

"रुप्या, जमीन इकतोस? मला न इचारता?"

"नाय ओ काका! मी कादंबरी लिवलीय. तिच्यासाठी एजंट शोधतोय."

"दाखव मग."

खरेपणा पटवायच्या भरात रूपेशने गठ्ठा त्यांच्या हातात दिला. काका तो घेऊन घरी गेले, गाडीही गेली. रूपेशने सुटकेचा निःश्वास टाकला. आपण काय दिलं, हे त्याला जेवताना आठवलं. हातातला घास टाकून तो पळाला.

काका ओटीवर चष्मा लावून बसले होते. "कानावर इझलेली बिडी ठेवनारा ह्यो कोन रे? मीच ना?"

"काका, त्या मॅडम म्हनाल्या..."

"तुजा बाप गेला, तवा तुमच्या वाटनीचं भात मीच लावलं. जमीन इकली असतीस तर चार दिवस बोललो नसतो, बास."

रूपेशने मॅडमना फोन करून काका पहिल्यासारखा करतो म्हणून सांगितलं. "अहो, त्या काकामुळेच तर एक एजंट तयार झालाय!" मॅडम ओरडल्या. रूपेशने नको म्हटलं आणि जुनी पानं घेऊन तो पुन्हा काकांकडे गेला. त्यांत काका भर पावसात दोन घरांची लावणी करत होते, पुतण्याला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडत होते.

काकांनी सावकाश वाचलं आणि पानं परत केली.

"हे मी आधीच लिवलं होतं, काका. खरंच."

"असंल रे," काका म्हणाले. "पन आता मस्का लावल्यागत वाटतंय."