दोघांचा बाक

माझ्या वडिलांच्या तेराव्याला, भर पंगतीत, दत्तोपंत सहस्रबुद्ध्यांनी माझ्या बायकोला धंदा सुरू करायला सांगितलं.

लखनौतल्या आमच्या घरात वीस पानं मांडलेली. सुमन पदराने डोळे पुसत पुरणपोळी वाढत होती. दत्तोपंतांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, वडिलांची आठवण दाटून आली असेल. मलाही हुंदका येऊ लागला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"वहिनी, ही पोळी निशातगंजात कोणीही विकत नाही. उद्यापासून सुरू करा."

गुरुजींचा घास हातात राहिला. नागपूरहून आलेल्या माझ्या काकूंना ठसका लागला.

"अहो, तेरावा आहे!" मी कुजबुजलो.

"म्हणूनच सांगतोय, कुलकर्णी. घर दुःखात, वीस पानं एकदम, आणि एक पोळी फुटलेली नाही. याहून कडक परीक्षा कुठली घेणार?"

एवढ्यावर थांबते तर ते दत्तोपंत कसले! हात धुऊन ते वडिलांच्या फोटोपुढे गेले, डोळे मिटून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, सून गुणी आहे. चार वर्षं तुमच्या उशाशी बसली. आता तिला जरा मोकळी सोडा."

काकू दुसऱ्याच दिवशी नागपूरला निघून गेल्या. सुमन मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी हसली.

दत्तोपंत आमच्या गल्लीपासून तीन गल्ल्या सोडून राहत. एका संशोधन संस्थेत ते उंदरांच्या खाण्यावर संशोधन करत. त्यांचं आडनाव उच्चारायला लखनौ तयार नव्हतं. 'सहसर' पर्यंत येऊन लोक दमायचे, म्हणून सगळा निशातगंज त्यांना 'बुद्धी साहब' म्हणायचा. उंच, किडकिडीत, खांद्याला शबनम, हातात बारा महिने छत्री. दिवसभर उंदीर, आणि संध्याकाळी धंद्याचे सल्ले. फुकट. मागितलेले नसले तरी.

त्यांच्या सगळ्या ज्ञानाचं मूळ उंदरात होतं. "पहिल्यांदा तर उंदीरही कशालाही तोंड लावतो," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा येतो का, ते बघा. दुसऱ्यांदा आला की समजायचं, चव खरी." हे सूत्र ते गिऱ्हाइकादेखत सांगायचे. एका हलवायाच्या दुकानात इमरती खाणाऱ्या एका जाड्या वकिलाकडे बोट दाखवून त्यांनी हे समजावलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो. मी तत्काळ पंजाबी असल्याचं सोंग केलं.

एकदा छावणीजवळच्या न्हाव्याकडे आम्ही दोघं गेलो. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल साफ, अशा अवस्थेत दत्तोपंत खुर्चीतून उठले, अंगावरचं पांढरं फडकं तसंच घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून दुकानाकडे बघत उभे राहिले. सायकली थांबल्या. लष्कराची एक जीपही थांबली. न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला. लोकांना वाटलं, खूनच व्हायचा आहे.

"आईना तिरछा करो भैया!" दत्तोपंत पलीकडून ओरडले. "यहाँ से दुकान खाली लगती है!" मग माझ्याकडे वळून, "धंदा नेहमी रस्त्यावरून बघायचा असतो, कुलकर्णी. गल्ल्यावरून सगळ्यांना आपलं दुकान गजबजलेलंच दिसतं."

न्हाव्याने आरसा तिरपा केला. महिन्याभरात त्याला दुसरी खुर्ची घ्यावी लागली. आता हादरायची पाळी माझी होती. या माणसाचे सल्ले चक्क लागू पडत होते!

अल्ताफ़ मास्टर शिंप्याचं उदाहरण तर गाजलेलं. अल्ताफ़ मास्टर अदबीचा पुतळा. कोणतंही कापड घेऊन जा, "परसों ले लीजिए हुज़ूर." शेरवानी असो की लग्नातले अकरा कुर्ते, परसों! दत्तोपंतांनी त्यांना समोर बसवलं. "मास्टरजी, दस दिन कहिए और आठवें दिन दीजिए. आदमी खुश हो जाएगा." मास्टरजी लाल झाले. "मुँह पर दस दिन कह दें? आदमी क्या सोचेगा, बुद्धी साहब! ये तो बदतमीज़ी हुई." शेवटी तोडगा निघाला. तोंडाने मास्टरजी "परसों"च म्हणायचे, पण हातात चिठ्ठी द्यायचे, तिच्यावर दहाव्या दिवसाची तारीख. लखनौ काय समजायचं ते समजलं. दुकान वाढलं.

तर अशा माणसाने आमच्या ओसरीचा ताबा घेतला. "एक तवा, एक जिन्नस, एक वेळ," त्यांनी सुमनला बजावलं. "लाडू नाही, चिवडा नाही. संध्याकाळी सहा ते नऊ फक्त गरम पोळी. जो सगळं विकतो त्याच्याकडचं काहीच कोणाला आठवत नाही." भाव सांगायला सुमन लाजायची, तर म्हणाले, "भाव सांगताना ओळखीच्या तोंडाकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघायचं." सुमन भिंतीकडे बघून भाव सांगू लागली. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं वळून बघायची, तिथे पाल आहे की काय.

लोक पोळीला 'दाल का मीठा पराठा' म्हणू लागले, तेव्हा सुमन रडकुंडीला आली. "अहो, पराठा म्हणतात हो माझ्या पोळीला!"

"म्हणू द्या वहिनी. गिऱ्हाइकाने आपल्या भाषेतलं नाव ठेवलं ना, म्हणजे त्याने तुम्हाला घरात घेतलं."

दत्तोपंतांची सगळ्यात ठाम अट मात्र बाकाची. ओसरीवर शेगडीशेजारी बाक हवाच. तो त्यांनी स्वतः सुताराकडून करवून आणला. मजबूत, बुटका, बरोबर दोन माणसांचा. मी म्हटलं, "तिघांचा तरी करायचा." त्यावर त्यांनी शास्त्र सांगितलं. "तिघं बसले की दोघं आपसात बोलतात आणि तिसरा उठून जातो. दोघांत कोणी उठत नाही. आणि बसलेलं गिऱ्हाईक आणखी एक पोळी खातं." मी मान डोलावली. उंदरांचा अभ्यास केलेला माणूस, खोटं कशाला सांगेल?

रोज आठ वाजता दत्तोपंत यायचे, छत्री भिंतीला लावायचे, बाकाच्या एका टोकाला बसून एक पोळी खायचे आणि सल्ले द्यायचे. गोमतीपलीकडे तेव्हा नव्या वसाहतीचे प्लॉट पडू लागले होते. तिथे अजून गाईम्हशी चरायच्या. दत्तोपंत म्हणायचे, "वहिनी, तिकडे दुसरी शाखा. वाढायला घाबरायचं नाही!"

तिसऱ्या वर्षी वाढायची वेळ खरंच आली. छावणीतल्या एका कर्नलीणबाईंनी होळीसाठी शंभर पोळ्या सांगितल्या. सुमनचे पाय जमिनीवर ठरेनात. चार वर्षं औषधाच्या बाटल्या मोजलेली ही बाई आता फौजेला जेवू घालणार होती! पण एका तव्यावर शंभर पोळ्या होणार कशा? दुसरी शेगडी हवी, आणि ओसरीवर जागा एकच होती.

"दत्तोपंत, उद्या बाक काढते," सुमन पोळी उलटत म्हणाली.

दत्तोपंतांचा घास थांबला. "बाक काढायचा नाही."

"अहो, तुम्हीच म्हणता ना वाढवा म्हणून?"

"वाढवा. मागे वाढवा, वर वाढवा, गोमतीपलीकडे वाढवा. बाक नाही काढायचा."

"पण कारण काय?"

"कारण... शास्त्र आहे त्याला." मी त्यांना प्रथमच अडखळताना पाहिलं.

सुमनला घाई होती, तवा तापला होता. आम्हा मराठी माणसांची जीभ अशा वेळी कुठे थांबते! "कसलं शास्त्र? लोक आता उभ्याउभ्या बांधून नेतात. तुम्ही सोडून त्या बाकावर बसतं तरी कोण?"

दत्तोपंतांनी अर्धी पोळी ताटलीत ठेवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. छत्री घेतली आणि निघून गेले.

अर्धी पोळी! गेल्या तीन वर्षांत त्यांनी ताटलीत कणसुद्धा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सुमन आधी चिडली, "एवढं काय लागायचं त्यात?" पण बाक काढायचं तिने नाव घेतलं नाही आणि दुसरी शेगडी आणायचंही. होळीला पाच दिवस उरले. "तुम्ही जाऊन बघा हो," ती म्हणाली. "आजारी असतील. घरी कोण कोण असतं त्यांच्या?"

इतक्या वर्षांत मी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

घर मला नीटसं माहीत नव्हतं, म्हणून सहाच्या सुमाराला अल्ताफ़ मास्टरांकडे गेलो. दुकानासमोर बाक होता. बुटका, मजबूत, दोन माणसांचा. आमच्याच बाकाचा सख्खा भाऊ. त्याच्या एका टोकाला दत्तोपंत बसले असतील अशी मला उगाच आशा होती. बाक रिकामा होता.

"बैठिए हुज़ूर," मास्टरजी म्हणाले. "बुद्धी साहब तीन दिन से नहीं आए."

"रोज़ आते हैं?"

"छह बजे हमारे यहाँ. साढ़े छह, साइकिल वाले के यहाँ. फिर अत्तार, फिर हलवाई. आठ बजे भाभीजी की रोटी. फिर घर."

मी गल्लीत नजर टाकली. सायकलवाल्यासमोर बाक. अत्तरवाल्यासमोर बाक. पुढे हलवायासमोर बाक. सगळे दोघांचे. या रस्त्याने मी रोज बँकेत जात होतो!

"घर में कौन है उनके?" मी विचारलं.

मास्टरजींनी सुईत दोरा ओवला. "घर में तो हुज़ूर ताला है. बरसों से. बीवी गुज़र गईं, औलाद है नहीं." मग कापडावरची नजर न उचलता म्हणाले, "हम जुमे को भी शाम को दुकान खोल लेते हैं. बंद रहेगी तो बैठेंगे कहाँ?"

"आपको मालूम था?"

"सबको मालूम है," मास्टरजी म्हणाले. "पूछता कोई नहीं."

मी त्या बाकावर बसलो. त्यांच्या घरी जायचं आता मला धाडस होईना. मग मास्टरजींना म्हटलं, बुद्धी साहबना निरोप पाठवा, भाभीजींचं काम अडलंय, सल्ला हवाय.

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. तिने तवा पुसला, पुन्हा पुसला. नंतर म्हणाली, "तुम्ही सोडून कोण बसतं, असं म्हणाले मी त्यांना."

दुसऱ्या दिवशी बँकेतून आलो आणि दारातच किंचाळलो. माझं लिहायचं टेबल अंगणात उघड्यावर! माझी आरामखुर्ची जिन्याखाली उलटी! पुढच्या खोलीत, जिथे मी पंधरा वर्षं पेपर वाचला, तिथे खिडकीशी नवी शेगडी धडधडून पेटलेली, आणि खिडकीतून पोळ्या थेट ओसरीवर जात होत्या. बाक आपल्या जागी होता. धुऊन पुसून.

"सुमन, माझी खोली!"

"तुम्हाला कशाला लागते खोली? पेपर तर वाचता. बाकावर बसून वाचा."

आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी छत्री दिसली. दत्तोपंत रस्त्याच्या पलीकडे थांबले आणि तिथून ओसरीकडे बघू लागले. शेगडी बघितली, खिडकी बघितली, बाक बघितला. धंदा रस्त्यावरून बघायचा असतो. बराच वेळ बघून मग ते आले. छत्री भिंतीला लावली आणि बाकाच्या एका टोकाला बसले.

सुमनने पोळी वाढली. त्यांच्याकडे बघायची तिची हिंमत होईना, म्हणून ती भिंतीकडे बघत म्हणाली, "दुसऱ्यांदा आलं की समजायचं, चव खरी."

दत्तोपंतांनी घास घेतला, डोळे मिटले. या वेळी ते लवकर उघडले नाहीत.

मला बसायला घरात दुसरी जागाच उरली नव्हती. पेपर घेऊन मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला.

"कुलकर्णी, ही गिऱ्हाइकाची जागा आहे. घरच्या माणसाने ती अशी अडवून बसलेलं धंद्याला परवडत नाही."

मी ओशाळून उठायला लागलो, तर त्यांनी माझा सदरा घट्ट धरून ठेवला होता.