राखणदाराच्या वहाणा

सीताबाईंनी कुवेतमधल्या हवल्लीतल्या फ्लॅटमध्ये पुन्हा एकदा ट्रंक भरली, तेव्हा उदयने हात टेकले. अठ्ठ्याहत्तर साल होतं. त्याच्या बायकोला, शामलाला, सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी त्याने आईला वेंगुर्ल्याहून मुद्दाम आणलं होतं. पण आल्या दिवसापासून तिचं एकच टुमणं. ज्या गावाच्या वेशीवर राखणदार नाही, तिथे बाळाचं स्वागत काय करायचं? शामलाला आई नव्हती. ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून, आणि ते सगळ्यांना कळायचं.

विरंगुळा म्हणून उदयने शुक्रवारी आईला हारूनकडे न्यायचं ठरवलं. उदय हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि हारून हा त्याचा गुडघेदुखीचा कायमचा पेशंट. तरुणपणी हा कुवेती म्हातारा जहाजावर होता. मुंबईच्या फेऱ्यांत तो मोडकं हिंदी शिकला आणि बंदराबंदरातून भुतं गोळा करत आला. घराच्या दोन खोल्यांत त्याने सैतानांचं संग्रहालय थाटलं होतं. मुलांना बापाच्या या छंदाची लाज वाटे, ती तिकडे फिरकत नसत. उदयने आईला मात्र सांगताना ‘जुन्या वस्तू’ एवढंच सांगितलं.

सीताबाई घाबरतील ही त्याची भीती फुकट गेली. खलाशांना हाका मारून बुडवणाऱ्या दर्याच्या सैतानाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खजुराच्या झावळ्यांची चेटकीण पाहून विणकाम ढिलं आहे, असं मत दिलं. मग कोपऱ्यातल्या काळ्या लाकडी मूर्तीपुढे त्या थबकल्या. उंचापुरा देह, भरघोस मिशा, हातात तलवार आणि पायात साखळी.

“हिंदी शैतान,” हारून म्हणाला. “मेरा बाप लाया, सागवान के साथ. बहुत खतरनाक.”

सीताबाईंनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. तो त्यांच्या गावचा राखणदार, वेतोबा होता. रात्रभर गावाची सीमा फिरतो, फिरून वहाणा झिजवतो, म्हणून लोक त्याला नव्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. इथे तो अनवाणी उभा होता. त्यांचे डोळे भरून आले.

हारून आणि उदय बाहेर कॉफी घेत बसले, तेवढ्यात सीताबाईंनी दाराशी काढलेल्या जोडांतला सगळ्यांत मोठा उचलला आणि देवाच्या पायाशी ठेवला. तो नेमका हारूनचा, नवाकोरा. निघायच्या वेळी शोधाशोध सुरू झाली. हारूनने मांजराला झापलं, मग फोन करून थोरल्या मुलावर आळ घेतला. मुलगाही भडकला. शेवटी वहाणा सापडल्या त्या सैतानाच्या पायाशी. हारूनचा चेहरा पांढराफटक पडला.

उदयला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने क्षमा मागत सगळा प्रकार हिंदीत समजावला. हारून बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिला. मग कण्हत खाली वाकला आणि त्याने साखळी सोडली. वहाणा परत घ्यायला तो काही तयार होईना.

सीताबाईंनी तिथेच निकाल दिला आणि उदयला तो हारूनला हिंदीत सांगायला लावला. “फुडच्या शुक्रवारी बघया. व्हाणो झिजल्यो तर हो हय पण फिरता, मगे मी रवतंय. नायतर माका इमानात बसव.”

गुरुवारी संध्याकाळी उदय पिशवीत कानस लपवून हारूनकडे गेला. हारून पायरीवर बसून वहाणांचे तळवे दगडावर घासत होता. बोटाला चिंधी बांधलेली.

“घुटना चलने नहीं देता,” तो ओशाळून म्हणाला. “नहीं तो पहन के घूमता. तेरी माँ ने मेरे घर में किसी को हाथ जोड़ा. आज तक कोई नहीं जोड़ा.”

उदय त्याच्या शेजारी पायरीवर बसला. त्याने कानस काढली आणि दुसरी वहाण हातात घेतली.

शुक्रवारी सीताबाईंनी वहाणा उलटून तळव्यांवरून अंगठा फिरवला. हारूनच्या बोटाची चिंधी पाहिली, उदयकडे पाहिलं, आणि हात जोडून निघाल्या. गाडीत बसल्यावर उदयने धीर करून विचारलं, “झिजल्या ना गं?”

“चलणाऱ्याची टाच आदी झिजता,” त्या म्हणाल्या. “ह्यो सगळीकडे सारख्यो घासलेल्यो आसत.”

उदयने मान खाली घातली. आता विमानाचं तिकीट काढायचं, एवढंच त्याच्या मनात आलं.

“ट्रंक खाली करूक होयी,” सीताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “बाळाची दुपटी तळाक आसत. आणि वाटेत दुकान लागला तर थांब. राखणदाराक नव्यो व्हाणो घेवया.”

“केवढ्या मापाच्या?”

“हारूनाच्या.”