विलीनीकरणापूर्वीची नखं

एकोणीसशे सत्तावन्नच्या फाल्गुनात कळंबच्या एका सरकारी कचेरीतल्या सशाची नखं वाढली. कचेरी कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर का सांगितलं म्हणून खुलासा मागवतील. नखं वाढणं हा काही गुन्हा नव्हे. तुमची वाढतात, माझी वाढतात, रविवारी आपण कापतो आणि सोमवारी विसरतो. पण हा ससा सरकारी होता, आणि सरकारी वस्तू आपल्या मनानं वाढत नसते. तिची वाढ आधी मंजूर व्हावी लागते.

ससा आला तो आदल्या आषाढात, म्हणजे आपण हैदराबाद राज्यात होतो तेव्हा. रयतेनं ससे पाळावेत असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि प्रात्यक्षिकासाठी एक जोडी मोटारीनं रवाना झाली. मादी वाटेतच हबकून मेली, नर तेवढा पोचला. आता जोडीचं प्रात्यक्षिक एकट्यानं कसं करणार? आणि परत पाठवावं तर पावती जोडीची. शेवटी साहेबांनी तो ससा शिपाई खाजामियाँच्या हवाली केला आणि कागदावर ‘तात्पुरता’ असा शेरा मारला. तात्पुरता म्हणजे काय, हे खाजामियाँला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो स्वतः नऊ वर्षं तात्पुरता होता, आणि त्याला कायम करण्याचा कागद सध्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

खाजामियाँच्या बायकोनं, नसीमबीनं, त्या पांढऱ्याशुभ्र जनावराचं नाव मखमल ठेवलं. लेकरू नव्हतं घरात. सगळी माया त्या चार पायांवर गेली. लसूणघास काय, करडईचा कोवळा पाला काय, नुसती चंगळ. मखमलही गुणाचा होता. मांडीशी येऊन बसायचा, कपाळ खाजवून घ्यायचा. एकच खोड: धरलेलं खपायचं नाही. कुणी दोन हातांत उचललं रे उचललं, की तेरखेड्याचा फटाका फुटावा तसा उडायचा आणि मागच्या पायांनी धरणाऱ्याची छाती नांगरून काढायचा.

तर फाल्गुनात नखं इतकी वाढली की वळून पंजात शिरायला लागली. मखमल तिरका चालू लागला. गोधडीत नख अडकून एकदा रक्त आलं. मग तो कोपरा धरून बसला आणि पाल्याला तोंड लावीना. नसीमबीच्या घशाखाली घास उतरेना. तिनं नवऱ्याला बजावलं की आज नखं कापल्याशिवाय चूल पेटायची नाही. खाजामियाँनं बिसमिल्ला म्हणून ससा काखेत धरला. पुढचं सांगण्यासारखं नाही. सदरा फाटला, मनगट सोलून निघालं, आणि ससा माळ्यावर.

दोघं हरिबा न्हाव्याकडं गेली. सगळ्या पेठेची नखं काढणारा माणूस तो. नराणी परजत म्हणाला, चुटकीचं काम हाय, पण जनावर सरकारी, तवा चिठ्ठी आणा. गेल्या पोळ्याला त्यानं सरकारी वळूच्या शेपटीचा गोंडा हौसेनं कातरला होता, तर तीनदा जबाबाला जावं लागलं होतं. त्याचं तरी काय चुकलं? आणि इथंच खाजामियाँनं ती चूक केली, जी आपल्याकडं शहाणी माणसंच करतात. तो परवानगी मागायला गेला.

हेडक्लार्क आण्णासाहेब म्हणजे मोठा कायद्याचा माणूस. निजामाच्या दफ्तरात उमेदवारी केलेली, त्यामुळं उर्दूतला कायदाही तोंडपाठ आणि मुंबईचा नवा कायदाही. त्यांनी चष्मा पुसला, ससा कधी आला ते विचारलं, आणि स्वतःचा अंगठा खाजामियाँच्या नाकासमोर धरला.

“नख बुडातून वाढतं की टोकातून?”

“बुडातून, आण्णासाहेब.”

“म्हणजे टोक जुनं. राज्य बदललं पहिल्या नोव्हेंबरला. सशाच्या नखाचं टोक उगवलं तेव्हा आपण हैदराबादेत होतो, बूड उगवलं ते मुंबई राज्यात. आणि तू कापणार काय? टोक. दुसऱ्या राज्याची मालमत्ता तू कळंबात बसून कापणार व्हय?”

खाजामियाँला घाम फुटला. आपण केवढ्या भानगडीतून थोडक्यात वाचलो, असं वाटून त्यानं आण्णासाहेबांचे आभार मानले. हसू नका. नऊ वर्षं तात्पुरतं राहून बघा, तुम्हीही मानाल.

नखांची फाईल, म्हणजे मिसल, तयार झाली. जनावरांच्या डॉक्टरनं लिहिलं की आमच्याकडं खूर आणि शिंगं येतात, नखं येत नाहीत. जंगलखात्यानं लिहिलं की ससा आमचा, पण तो पळत असेपर्यंत; गोधडीत बसला की आमचा संबंध संपला. मग साहेबांनी ठरवलं की विलीनीकरणाची रेघ नखावर नेमकी कुठं येते ते जागेवर जाऊन पाहावं आणि तांबड्या शाईनं आखून घ्यावं. टोकाकडचा भाग तिकडचा, बुडाकडचा आपला. प्रत्येक राज्यानं आपापलं कापावं, भांडण नको.

चैत्रातल्या एका सकाळी साहेब, आण्णासाहेब, फूटपट्टी घेतलेला ओव्हरसियर आणि पाच पंच असे आठजण खाजामियाँच्या दोन खणांच्या घरात दाटीवाटीनं उभे राहिले. रेघ आखायची तर ससा धरणं भाग होतं. आधी दोघांनी धरला, मग चौघांनी, शेवटी आठांनी घोंगडं टाकून धरला. नसीमबी दारातून कळवळून सांगत होती की त्याला धरू नका, नुसतं बसू द्या. पण बसलेल्या सशाची मोजणी करण्याची तरतूद नव्हती. मखमलनं साहेबांची पाटलोण मांडीपर्यंत उसवली आणि शाईची दौत ओव्हरसियरच्या डोक्यावर रिकामी झाली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की ससा चौकशीत सहकार्य करीत नाही, सबब तो शांत होईपर्यंत नखं ‘जैसे थे’ ठेवावीत. मांडीला फडकं बांधता बांधता साहेब खाजामियाँला म्हणाले की एक जरी नख कमी झालं तर तुझा कायमचा कागद विसर.

आता मात्र नसीमबीचं डोकं फिरलं. कागद असो नाहीतर कागदाचा बाप असो, जनावर मरायला टेकलंय. ती हरिबाच्या बायकोकडून जुनी नराणी मागून घेऊन आली. धरायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारी मखमल गोधडीवर लवंडला की ती शेजारी बसायची, कपाळ खाजवायची, आणि डोळे मिटले की एक पंजा उन्हाकडं करायची. पांढऱ्या सशाचं नख काचेसारखं असतं. आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या अलीकडं, कट्. एका दिवसाला एकच नख. पुढच्या पंजांची दहा, मागच्यांची आठ. अठराव्या दिवशी मखमल घरभर उड्या मारत होता आणि नसीमबी तोंडाला पदर लावून रडत होती.

रीतीप्रमाणं तिनं नखं उघड्यावर टाकली नाहीत. चिंधीत बांधून परसातल्या सीताफळाखाली पुरली. आपल्याकडं नख पायाखाली येऊ देत नाहीत, मग ते हिंदूचं असो, मुसलमानाचं असो की सशाचं. खाजामियाँला हे एकोणिसाव्या दिवशी कळलं. तो ओसरीवर मटकन बसला. बायकोला बोलावं तर ससा समोर उड्या मारतोय, न बोलावं तर नऊ वर्षं पाण्यात. तो कचेरीत जाऊन आण्णासाहेबांच्या पायाशी बसला आणि सगळं ओकला.

आण्णासाहेब रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, कारण पेच त्यांच्या लायकीचा होता. ते म्हणाले, राज्य बदललं तेव्हा कितीतरी नोकर आपापल्या मूळ राज्यात गेले की नाही? तशीच ही नखं. ती कापली असं लिहायचंच नाही. ती ‘कार्यमुक्त होऊन मूळ राज्याकडं परत जात आहेत’, असं लिहायचं. फक्त पाकीट करून पाठवायला अठराच्या अठरा नखं हवीत.

पंचांदेखत सीताफळ उकरलं. चिंधी सापडली, गाठ सुटलेली. नखं भरली सतरा. एक कोंबडीनं नेलं असावं, असा पंचांचा कयास पडला. परसातली सगळी माती चाळून झाली, कोंबडीच्या मागंमागं दोन दिवस फिरून झालं, पण अठरावं नख काही मिळेना. पाकिटावर साहेबांची सही उद्यावर आलेली. खाजामियाँनं आपल्या डाव्या करंगळीकडं बघितलं. त्या काळच्या शौकाप्रमाणं त्यानं ते नख लांबसडक राखलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि ते कापून पाकिटात टाकलं. लाख बसली, मोहर उठली, पाकीट गेलं.

श्रावणात उत्तर आलं. आण्णासाहेबांनी ते उभं राहून वाचलं: “सतरा नखे सशाची मिळाली. अठरावे तपासणीत शासकीय शिपायाचे आढळून आले. सदर नख येथे रुजू करून घेण्यात आले आहे. तरी त्याचा उर्वरित भाग, म्हणजे शिपाई, पहिल्या मोटारीने पाठवावा.”

घर, नसीमबी, ससा, सगळं सोडून एका नखामागं जायचं? खाजामियाँ रडकुंडीला आला. पण साहेबांना दुसरा शिपाई मिळणार नव्हता, म्हणून आण्णासाहेबांनी रात्रंदिवस कायदा चाळून मधला मार्ग काढला आणि आठ दिवसांत साहेबांची सही झाली. खाजामियाँ कायम झाला, डाव्या करंगळीचं नख वगळून. ती जागा आता दुसऱ्या राज्याची. तिथं नवं नख उगवलं तर ते अतिक्रमण ठरेल; सबब दर सोमवारी अकरा वाजता ते कचेरीच्या ओट्यावर मुळापासून काढण्यात यावं. हरिबाला तशी रीतसर चिठ्ठी मिळाली, आणि चिठ्ठी मिळाल्यावर त्याची काहीच हरकत नव्हती.

पहिल्या सोमवारी नसीमबी भाकरी घेऊन आली, तेव्हा ओट्यावर काम चाललं होतं. मुळापासून म्हणजे रक्त येणारच. ते येत होतं. खाजामियाँ हात पुढं करून ताठ उभा होता. तिनं डबा खाली ठेवला.

“अजी, मखमलला आठजणांनी धरलं तरी त्यानं आपला पाय दिला न्हाय. तुम्हाला तर कुणी धरलंबी न्हाय.”

“कायम झालोय न्हवं,” खाजामियाँ म्हणाला, आणि हात हलू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं.

पुढं पुढं ही बातमी फुटली. सोमवार हा कळंबचा बाजाराचा दिवस नसूनही कचेरीपुढं बाजार भरायला लागला. अडतीचे हमाल, मास्तर, एस्टीची वाट बघणारे, माकणीहून मुद्दाम आलेले पाव्हणे, सगळे पोट धरधरून हसायचे. शिपाई बघा, नख बघा, येडा बघा. एका सोमवारी साहेबांनी खिडकीतून ती गर्दी पाहिली आणि कपाळाला आठी घालून फक्त एवढंच म्हणाले की ही काय पद्धत झाली, रांग लावा.

रांग लागली. पाच मिनिटांत लागली. कशाची, हे कुणी विचारलं नाही. पुढच्यानं डावा हात पुढं केला म्हणून मागच्यानं केला, त्याच्या मागच्यानं केला, आणि मागून येणारा प्रत्येकजण पुढच्याला एवढंच विचारत होता की चिठ्ठी घरून आणायची की इथंच मिळते. हरिबानं नराणी दगडावर घासली आणि पहिल्याचं बोट धरलं.

तुम्ही मघापासून खाजामियाँला हसताय, खुशाल हसा. फक्त हसता हसता जरा पुढं सरका. तुमच्या मागं माणसं खोळंबलीत.