शिकारी शिक्क्याची रायफल

बेंगळुरातल्या बसवनगुडीच्या हणमंतरावांची अर्धस्वयंचलित रायफल लष्करी की शिकारी या वर्गीकरणासाठी परवान्याच्या कचेरीत पडून होती आणि त्याच दिवसांत बन्नेरघट्ट्याकडच्या त्यांच्या शेतावर बिबट्या येऊ लागला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मानायला कचेरी तयार नव्हती.

हणमंतरावांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन घोड्यावरून या मुलखात आले. हणमंतराव स्वतः पेन्शन लागेपर्यंत डबा घेऊन सायकलवरून ट्रेझरीत गेले. ही तफावत भरून काढण्यासाठी त्यांनी विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून रायफल घेतली होती. तिनं एक रानडुक्कर मारलं होतं. सांगताना ते दर वर्षी थोडं वाढत असे.

बिबट्यानं आधी कुत्री नेली, मग वासरू. शेत सांभाळणारा विठोजी बस पकडून आला.

"राव, बायका पाण्याला जाईनात. पोरं कोंडून ठेवलीत. बंदूक घेऊन या."

"आलोच म्हणून समज," हणमंतराव म्हणाले. त्यांची छाती फुगलेली पाहून सत्यवतीबाई काळजीत पडल्या.

कचेरीत वर्गीकरणाच्या मेजावर शेषगिरी होते. घरी मराठी, बाजारात कानडी आणि खुर्चीत बसले की नियम, अशा तीन भाषा त्यांना येत.

"चालते कशी ही?" त्यांनी विचारलं.

"चाप ओढला की एक गोळी सुटते. पुढचं काडतूस आपोआप नळीत येऊन बसतं. पुन्हा ओढला की पुन्हा एक."

"आपोआप?" शेषगिरींनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे शिकाऱ्याला श्रम नाहीत. श्रम नाहीत तर ती शिकार कसली? सैनिकाचं वेगळं, तो सरकारी नोकर. शिवाय जनावराला स्वल्प विचार करायला वेळ नको?"

"कसला विचार?"

"पळायचं की नाही, त्याचा."

हणमंतरावांनी अर्ज पुन्हा पुढे सरकवला. मग शेषगिरींनीच दया येऊन वाट दाखवली. काळी दिसते ती लष्करी आणि लाकूड चमकतं ती शिकारी, असा कचेरीचा प्रघात होता. आत काय आहे ते उघडून बघण्याची तरतूद नव्हती.

शिवाजीनगरच्या सुतारानं शिसवी दस्ता बसवला आणि हौसेनं त्यावर हरीण कोरलं. कचेरीतून रायफल परत आली.

"दस्त्यावर हरीण आहे, हणमंतराव. तुमचा अर्ज बिबट्याचा."

सुतारानं हरणावर ठिपके काढून दिले. ठिपके चितळालाही असतात, असा आक्षेप आला. मग दात काढले. दात आल्यावर ते जनावर कचेरीच्या पसंतीस उतरलं. आतला एक स्क्रूही हलला नव्हता. रायफल पहिल्यासारखीच चालत होती.

मधल्या काळात विठोजी पुन्हा येऊन गेला. "गाय गेली, राव. आता गोठ्याशेजारी आम्हीच राहिलो."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रायफल कचेरीतून सुटली. चापातून दोरी ओवून, तिला पितळी पट्टी बांधून, वर लाखेची मोहोर केलेली. पट्टीवर कोरलं होतं: 'केवळ शिकारीसाठी'.

"मोहोर फुटली की वर्ग गेला," शेषगिरींनी बजावलं. "मग ती लष्करी. आणि लष्करी बंदूक घरात सापडली तर तुरुंग."

"मग गोळी कशी झाडायची?"

"झाडायला कुणाची हरकत आहे? मोहोर तेवढी सांभाळा."

दुसऱ्या दिवशी हणमंतरावांच्या दिवाणखान्यात पाटावर शस्त्रं मांडली गेली. पूर्वजांच्या तलवारीला पूर्वी मधली जागा असे, यंदा ती रायफलला मिळाली. चिकपेटचे सोयरे आले. झेंडूच्या फुलांतून वाकून प्रत्येकानं पट्टी वाचली आणि हात जोडले.

विठोजी दारातच उभा होता. रात्री बिबट्या त्याच्या कुडाला नखं लावून गेला होता आणि आत त्याची धाकटी निजली होती. हे त्यानं सांगितलं तेव्हा हणमंतरावांना खरोखर लाज वाटली. त्यांचा हात मोहोरेपर्यंत गेला. नखानं फुटली असती.

"अण्णा," एक सोयरे म्हणाले, "असा शिक्का अख्ख्या बेंगळुरात दुसऱ्या कुणाकडे नसेल, नाही का?"

हात परत आला.

"आज नवमी, विठोजी. पूजेतलं शस्त्र हलवत नाहीत. दसरा होऊ दे, मग बघू."

विठोजीनं पाटाकडे पाहिलं. "सरी, बरं राव. बंदूक राहू द्या. ती पट्टी तेवढी द्या, कुडाला बांधतो. बिबट्या वाचून माघारी जाईल."

दिवाणखाना खो खो हसला. हणमंतरावही हसले, जरा उशिरा. सत्यवतीबाई प्रसाद घेऊन दाराशी गेल्या तोवर विठोजी निघाला होता. अंधाराच्या आत त्याला बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट चालायची होती.

हसणाऱ्यांपैकी कुणालाच त्या वाटेनं जायचं नव्हतं. तुम्हाला-आम्हालाही नव्हतं, म्हणून तर आपणही हसलो.