मावशीचे केस

एक गोष्ट छाती ठोकून सांगतो. माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र कधी बंद पडलेलं नाही! गाडी असो, पंप असो, शिवणयंत्र असो. शाळेत मी फार टिकलो नाही. मास्तर मला कंटाळले, मी मास्तरांना. पण हातात पाना आला आणि डोकं असं पळायला लागलं की विचारू नका. सगळी गल्ली मला मिस्त्री म्हणते, ते काय उगाच?

तेव्हा बायकोच्या विणकर मंडळातलं काम म्हणजे काय, दोऱ्याचा खेळ! असं मी समजत होतो. होतो म्हटलं, लक्षात ठेवा.

हे मंडळ भरतं बाजारामागच्या गोदामाच्या माडीवर. चरखे, माग, टोपल्या, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीला नाकात शिरणारा ओल्या लोकरीचा वास. आमची ही तिथं वर्षानुवर्षं जाते. पण हिच्या वाट्याला काय? लोकर पिंजायची, तिचे पेळू, म्हणजे लांबट वळ्या, करायचे आणि दुसऱ्यांना कातायला द्यायचे. म्हणजे जन्मभर गाडी पुसायची, चालवायला कधीच मिळायची नाही!

मंडळात एक मोठा माग आहे. दरवर्षी प्रदर्शन असतं, तेव्हा त्याच्यावर एकजणीनं बसायचं आणि गावासमोर विणायचं. यंदा मंडळाच्या आक्का म्हणाल्या, "उद्या सकाळी जिचा ताणा तयार असेल, तिचा माग." उमेदवार दोनच. एक आमची ही आणि दुसरी टापटीप वहिनी. वहिनीचं नावच टापटीप. ती तुटका दोरासुद्धा घडी घालून टाकते!

आता ताणा म्हणजे मागावर ताणून बसवायचे ते लांबलचक उभे धागे. आमच्या हिनं ते कधीपासून खपून स्वतः कातले, स्वतः रंगवले. एका कडेला राखाडी, मग पिवळा, मग केशरी, करत करत दुसऱ्या कडेला गडद तांबडा. बघावं तर जसं काही उजाडतंय. त्या दिवशी मंडळात खुंट्यांवरून फिरवून धागे लावले, त्यांची सैलसर वेणी घातली आणि टोपलीत ठेवून घरी आणली. तान्हं पोर आणावं तशी.

"अहो, मी माग पुसून येते. आक्काही येतील माझ्याबरोबर ताणा बघायला. याला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?"

"तुम्ही असं म्हणता ना, तेव्हाच काहीतरी मोडतं."

ती गेली. मी टोपलीकडे बघितलं. नुसतं बघितलं हो! आणि काय दिसलं? इतका देखणा ताणा, आणि त्याला ठिकठिकाणी जुनाट, मळक्या, हिरव्या दोरीच्या चिंध्या बांधलेल्या! नवरीच्या गळ्यात बुटाची नाडी!

माझं डोकं पळालं. म्हटलं, आपल्याकडे नवा पार्ट येतो तेव्हा काय असतं? सुतळी बांधलेली असते. बसवण्याआधी ती कापायची, हे तर गॅरेजमध्ये झाडू मारणारालाही कळतं. ही बिचारी गडबडीत विसरली. आता आक्का येणार, त्या चिंध्या बघणार, नाक मुरडणार, आणि माग जाणार टापटीप वहिनीकडे!

घेतली कात्री. कच, कच, कच! सगळ्या चिंध्या साफ. मग वाटलं, वेणीत धागे चुरगळलेत, जरा मोकळे करू. वेणी सोडली. मग वाटलं, झटकून घेऊ. चादर झटकतात तसा ताणा दाराबाहेर धरून दोनदा झटकला.

आणि तेवढ्यात वारा आला.

त्या हिरव्या चिंध्या काय होत्या, ते मला नंतर कळलं. ताण्यात एक धागा वरून, एक खालून, अशी फुली पाडलेली असते. कुठल्या धाग्याशेजारी कुठला, हे त्या फुलीवरून ठरतं. ती मोडू नये म्हणून बांधून ठेवतात. म्हणजे मी सुतळी कापली नव्हती, इंजिनाचे सगळे नट काढून डबा हलवला होता!

माझ्या हातात आता कावळ्याचं घरटं होतं. रंगीत कावळ्याचं.

तरी मी घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण उभा राहून घाबरलो. विचार केला, लांब बारीक गोष्टी गुंतल्यात, त्या कोण सोडवतो? समोरच्या दुकानात न्हावी होता. त्याला आम्ही उस्ताद म्हणतो. हाक मारली. उस्ताद फणी, कात्री आणि खांद्यावर पांढरी चादर घेऊन आला. गुंता उलटासुलटा बघितला.

"मिस्त्री, हे गिऱ्हाईक कुठलं?"

"बायकोचा ताणा आहे."

"मग मी दुकान उघडं टाकून आलोय, जातो."

"उस्ताद, पाया पडतो!"

"पडू नका, फुकट वेळ जाईल. उशी आणा. डोक्याशिवाय मला फणी चालवता येत नाही."

खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली. तिच्यावर उशी उभी केली, उशीवरून ताणा मागं सोडला, गळ्याच्या जागी चादर बांधली. उस्तादानं खालच्या टोकापासून फणी धरली. अलगद, इंच इंच. खरं सांगतो, सुटायला लागलं होतं! पण मला दम निघेना.

"उस्ताद, जरा पाणी मारा की! केसांना मारता तसं."

"यांना चालतं का पाणी?"

"लोकरच आहे. मेंढी काय छत्री घेऊन फिरते?"

उस्तादानं फवारा मारला. फुस्स, फुस्स! आता तुम्हाला सांगतो, हातानं कातलेल्या ताज्या धाग्यात पीळ ठासून भरलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथं तर कुणी जाळलंही नव्हतं, नुसतं भिजवलं होतं! पाणी लागताच एकेक धागा जागा झाला. आळस दिल्यासारखा वळवळला आणि स्वतःभोवतीच गुंडाळून बसला. बघता बघता सगळा ताणा कुरळा!

"वा," उस्ताद म्हणाला, "याचे लोक माझ्याकडे जादा पैसे देतात."

आणि जिन्यावर पावलं वाजली.

दारात आक्का! आमची ही खाली चप्पल काढत होती. आक्का म्हणजे मंडळाचा खांब. बोटांनी लोकर चाचपून मेंढीचं वय सांगतील. पण नजर अधू, आणि चष्मा कायम डोक्यावर. खुर्चीकडे बघून त्या थबकल्या.

"अगंबाई, घरात पाहुण्या आहेत वाटतं?"

माझं डोकं पुन्हा पळालं. या डोक्याला एकदा साखळीनं बांधायला हवं!

"हो! मावशी. माझी मावशी आहे. गावाहून आलीय."

"आणि न्हावी?"

"तिला... बाहेर जाववत नाही ना."

आक्का जवळ आल्या. मी मध्ये उभा. उस्तादाची फणी हवेतच.

"केस किती दाट हो! या वयात! आणि हे... रंगवलेत का?"

"हौशी आहे फार," मी म्हटलं.

"केशरी रंग बरा घेतलाय. मावशी, आमच्या मंडळात येता का?"

मावशी गप्प.

"झोपलीय," मी म्हटलं.

"बसल्या बसल्या?"

"आमच्या घराण्यात तशी रीतच आहे."

"मानही जरा आखूड वाटते," आक्का पुटपुटल्या. उस्तादाला ठसका लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला, तो मागं सरकला, त्याचा धक्का खुर्चीला लागला, आणि मावशीचं डोकं धप्पकन जमिनीवर पडून कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेलं!

आक्का किंचाळल्या. अशा किंचाळल्या की आमची ही धावत वर आली. तिनं उशी बघितली. चादर बघितली. कात्री बघितली. मग तो राखाडी-पिवळा-तांबडा कुरळा डोंगर बघितला, आणि खाली पडलेल्या हिरव्या चिंध्या.

ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ती हळूच खाली बसली, एक चिंधी उचलली आणि बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशीचं नाव काय म्हणालात?" तिनं विचारलं. म्हणजे खाली तिला सगळं ऐकू गेलं होतं!

"अगं, मी तुला मदतच..."

"पेळूच करत राहते मी," ती म्हणाली. "तेच बरं."

गाडीचं चाक माझ्या पायावरून एकदा गेलंय. एवढं दुखलं नव्हतं.

आक्कांनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. ताणा हातात घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उचला. मंडळात चला. सगळ्यांना बोलवा."

आता या मंडळाची एक रीत आहे, ती ऐका. कुणाचा ताणा गुंतला की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं आणि गुंत्याला बसायचं. आणि शेवटचा धागा सुटेपर्यंत कुणीही कुणाला रागवायचं नाही. चकार शब्द नाही! रागानं हात ओढला की गाठ बसते म्हणतात.

सगळ्या जमल्या. पहिली कोण बसली? टापटीप वहिनी! तिचा ताणा शेजारी तयार, घडी घालून, गाठी मारून. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं, माग तिचाच होता. तिला मी विचारलंही, "वहिनी, तुम्ही कशाला?"

"असला गुंता दिसतोय आणि मी झोपू शकेन असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली.

उस्तादालाही आक्कांनी थांबवून घेतलं. "खालून वर विंचरता ना? मग बसा इथं." मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही हे टोक धरा. ताणून धरा. हलू नका, बोलू नका, आणि मदत तर अजिबात करू नका."

मी खुंटी झालो. नाक खाजलं, हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, हललो नाही. समोर सगळ्या माना खाली घालून एकेक धागा सोडवत होत्या. माझ्या हातातलं टोक ताणलेलं असल्यामुळे कुरळे धागे हळूहळू सरळ होत वाळत होते. उस्तादाची फणी अशी चालली होती की बायका कौतुकानं बघत होत्या. माझ्याकडे बघत होत्या त्या वेगळ्या कारणानं.

रंगांचा क्रम मात्र गेला तो गेलाच. तांबड्यात राखाडी, पिवळ्यात केशरी. आमच्या हिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "राहू दे असंच. आहे तसा चढवू."

रात्र सरून सकाळ झाली तेव्हा शेवटचा धागा सुटत होता. आक्कांनी दोन्ही ताणे बघितले. दोन्ही तयार. आता?

टापटीप वहिनी म्हणाली, "माझा पुढल्या वर्षीही तयारच असेल. हिच्या घरात मिस्त्री आहेत. हिचा आजच चढवा."

हसली सगळी माडी! ताणा चढवला आणि आमची ही मोठ्या मागावर बसली. आडवा धागा फेकायचा धोटा हातात घेतला आणि मग जी सुरुवात केली! मी आनंदानं टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आक्कांनी खाकरून घसा साफ केला.

"शेवटचा धागा सुटला ना?"

"सुटला," सगळ्या म्हणाल्या.

"मग आता रागवायला हरकत नाही."

आणि रांग लागली हो! वयाप्रमाणे! एकेक पुढं येते, मला पोटभर बोलते आणि दुसरीला जागा देते. टापटीप वहिनी तर मुद्दे पाडून बोलली. उस्तादसुद्धा रांगेत उभा राहिला, गिऱ्हाइकं बुडाली म्हणून! शेवटी आमची ही. मागावरून मान वर न करता म्हणाली, "माझं मी घरी बघते."

प्रदर्शनात त्या कापडापुढं ही गर्दी! आधी रंग शहाण्यासारखे ओळीनं असते, आता ते गप्पा मारत बसल्यासारखे दिसत होते. एका बाईनं विचारलं, "या नक्षीला काय म्हणतात?"

आमची ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मावशीचे केस."

आता गावातल्या अर्ध्या बायका आमच्या घरी येऊन मावशीची चौकशी करतात. आणि मंडळानं एकमतानं नवा सभासद घेतला. फणीवर हात चालतो, जिभेवर ताबा आहे, म्हणून उस्तादाला!

मलाही बोलावतात, नाही असं नाही. ताणा लावायचा असला की निरोप येतो. परवा मंडळातली एक खुंटी मोडली, तेव्हा आक्का म्हणाल्या, "नवी कशाला करायची? मिस्त्री आहेत की."